सही कोणाची होती?

'९/११ नंतर पकडलेल्या संशयितांचा छळ केला हे ओबामांनी २०१४ मध्ये जाहीर कबूल केलं, सिनेटचा अहवालही आला, मग अमेरिकेकडून आणखी काय हवं?' असा तुमचा प्रश्न. मला हवी आहे सही करणाऱ्याची झाडाझडती.

१ ऑगस्ट २००२ चा अमेरिकी न्याय खात्याचा मेमो बघा. अवयव निकामी होताना किंवा मरताना होते तेवढी वेदना असेल तरच तो शारीरिक छळ, अशी व्याख्या करून दिली. मग सीआयएच्या ताब्यातल्या अबू झुबैदा या संशयिताला ८३ वेळा पाणी ओतून गुदमरवलं तरी तो छळ नव्हेच! 'आम्ही छळ करत नाही' असं बुश छातीठोकपणे सांगू शकले ते यामुळे. चौकशीच्या टेपा सीआयएने २००५ मध्ये नष्ट केल्या. मेमोवर सही करणारे न्याय खात्याचे अधिकारी जेय बायबी तोवर संघीय न्यायाधीश झाले होते, तेही तहहयात. पाणी ओतण्याबद्दल टीव्हीवर बोलणारे सीआयएचे माजी अधिकारी जॉन किरियाकू मात्र पुढे तुरुंगात गेले. (कलम वेगळं लागलं, गुप्त अधिकाऱ्याचं नाव फोडल्याचं. पण आत गेले ते तेच.)

आपल्याकडे मेमोही नसतो. इंदूरला फौजदारी वकिली करताना एक पोरगा रिमांडला आणलेला पाहिला. चपला हातात, तळव्याच्या कडेवर तोल सावरत उभा. मेडिकलच्या कागदावर डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात एकच ओळ, 'कोई ज़ाहिरा चोट नहीं'. मॅजिस्ट्रेट साहेबांनी चपलांचं विचारलं, पोरगा शेजारच्या शिपायाकडे बघून म्हणाला, 'तंग हो गई हैं.' झालं. कोणी हुकूम दिला, कोणाला विचारणार?

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक मानण्याची पक्की मान्यता, अजून नाही. २०१० चं छळविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकून बारगळलं. त्यात सरकारं दोन्हीकडची आली, तेव्हा मला पक्ष सांगू नका.

तुमच्या ओळखीतलं कोणी कोठडीत असेल तर एवढं करा. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालानुसार पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं फुटेज १८ महिने, तशी यंत्रणा नसेल तर किमान वर्षभर, ठेवायचं असतं. पहिल्याच पेशीला ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज द्या, तारीख आणि वेळ घालून. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा, सहीनिशी.