चेंगट म्हणजे नक्की कसा माणूस?

ताई, तुम्ही विचारलंय की नागपूरहून लग्न होऊन मिरजेला आलात आणि सासूबाई दिरांना उठता बसता चेंगट म्हणतात, तर ही शिवी आहे का, आणि चेंगट म्हणजे कंजूषच ना. मी जन्मापासनं सांगलीत, त्यामुळं सांगतो, शिवी नाही, घरातली माणसं घरातल्याच माणसाला तोंडावर म्हणतात.

कंजूषच, पण एक छटा वेगळी आहे. चेंगट म्हणजे रेंगाळणारा, दिरंगाई करणारा असाही अर्थ आहे, आणि मला वाटतं आमच्याकडं पैशाच्या बाबतीत म्हणतात तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र येतात. चेंगट माणूस देतच नाही असं नाही हो, पण द्यायला लावतो वेळ. आमचे एक चुलते आहेत, चार जण चा प्यायला गेलो की बिल आलं रे आलं यांच्या चपलेचा अंगठा निसटतो, मग खाली वाकून ते बघत बसतात, तोवर दुसरा कोणतरी देऊन मोकळा. भडंग आणलं तर शेंगदाणे आधी स्वतःच्या बाजूला. याला म्हणायचं चेंगट!

कवडीचुंबक त्याच्या पुढचा. संस्कृतात चुंब् म्हणजे मुका घेणं, म्हणजे कवडीचे मुके घेणारा, लोहचुंबक डोक्यात आणलात तरी चालतंय. हा देतच नाही, उष्ट्या हातानं कावळा हाकत नाही कारण बोटाला चिकटलेलं शीत कावळ्याला मिळेल. आणि गंमत बघा, १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नये पैसे झाले, कवडी दमडी तर त्याच्याही कितीतरी आधी गेलेली, पण 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' अजून रोज ऐकू येतं.

कृपण बोलताना कोण वापरत नाही. त्याचा जुना अर्थ दीनवाणा, गीतेत अर्जुन कार्पण्यदोष म्हणतो तो काय पैसे वाचवत नव्हता. कद्रू मात्र जपून वापरा, तो मनाचा कोतेपणा झाला, कौतुकाचा शब्दसुद्धा न देणारा, तो लागतो माणसाला.

चेंगट बाई चेंगट बाप्या दोन्ही चालतं, शब्द बदलत नाही. फक्त सासूबाई म्हणतात म्हणून तुम्ही लगेच दिरांना म्हणू नका, वर्षभर जाऊ द्या, आणि विहिणीकडच्या आहेराबद्दल तर अजिबात नको.