औषध लागू पडेल का, हे रक्त आधी सांगतं का?

तुम्ही विचारलंय, सहा वर्षांच्या मुलाला जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात निघालाय. त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध लागू पडेल की नाही, हे ते सुरू करायच्या आधी रक्तावरून कळतं का?

खात्रीने नाही कळत. मी डॉक्टर नाही, पण लेकीच्या याच आजारापायी सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेसने बरेच हेलपाटे घातलेत. गड्ड्याच्या जत्रेत पडली असेल म्हणून आम्ही महिनाभर तिचा गुडघा शेकत बसलो होतो, ते जाऊ द्या.

तिचा गुडघा नारळाएवढा आणि सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल! एक-दोनच सांधे धरले असतील तर असं होतं, म्हणे. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या सूज किती आहे तेवढं सांगतात, आणि तेही दरवेळी नाही. एएनए, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची तपासणी, पॉझिटिव्ह आलं तर ते डोळ्यांसाठी महत्त्वाचं: आत सूज असू शकते, पण डोळा ना लाल होतो ना दुखतो. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकावर, डोळे नियमित तपासून घ्या, यात हयगय नको. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या औषध सोसतंय का हे पाहायला.

तुम्ही वाचलं असेल ते बहुधा एमआरपी 8/14 बद्दल. पांढऱ्या पेशी सुजेच्या वेळी हे प्रथिन सोडतात. गंमत अशी की सुरुवातीला ते जास्त असलेल्या मुलांना मेथोट्रेक्सेटचा गुण जास्त येतो, असं अभ्यासात दिसलं. पण ते पुष्कळ मुलांचं मिळून. तुमच्या एकट्या मुलाबद्दल तो आकडा हो-नाही सांगत नाही. याचंच दुसरं नाव कॅलप्रोटेक्टिन. आमच्या लॅबमध्ये ते मागितलं तर शौचाची डबी हातात दिली! ती तपासणी आतड्याच्या सुजेची. त्यामुळे कुणी महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर आधी डॉक्टरांना एकच विचारा, या रिपोर्टवरून औषध बदलणार आहे का?

मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर सकाळी उठल्यावर किती वेळ अंग आखडलेलं असतं, हे वहीत लिहा. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टांच्या आधी ती वहीच वाचली.

लेकीने अकराव्या आठवड्यात कठडा न धरता जिना उतरला. त्या दिवशी रक्त कुणी तपासलं नव्हतं.