वावर गहाण ठेवू नका, पण हा विषय सोडू नकोस

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या खेड्यात राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित आणि संख्याशास्त्र. पुढे मॅथेमॅटिकल फायनान्समध्ये एम.एस्सी. करायचं मनात आहे. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. मोठे बाबा म्हणतात, हा शिकलेल्या लोकांचा सट्टा आहे. एका एजंटाने परदेशातल्या कोर्सचं माहितीपत्रक दिलं, तर बाबा वावर गहाण ठेवायला निघाले. कॉमर्स मी कधी शिकले नाही. काय करू?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : वावर गहाण ठेवू नका. हे आज बाबांना वाचून दाखव, बाकीचं पत्र सावकाश वाच.

कॉमर्स शिकली नाहीस, त्याने काही अडत नाही. या विषयात लागतं ते गणित. ते कसलं, हे कापसावरच दाखवते. आज भाव क्विंटलला ८००० रुपये. समज, महिन्याने तो एकतर ९५०० होईल, नाहीतर ७५००. व्यापाऱ्याने तुला हक्क लिहून दिला : महिन्याने एक क्विंटल ८०००ने घे, नको असेल तर सोडून दे. या हक्काचे त्याने किती पैसे घ्यावेत?

गावातलं कुणीही म्हणेल, भाव चढायची शक्यता निम्मी, चढला तर फायदा १५००, म्हणून ७५० घ्या. पण व्यापारी आजच पाऊण क्विंटल कापूस ६०००ला घेऊन ठेवतो. भाव चढला तर त्याचे ७१२५ होतात, तुला फरकाचे १५०० दिले की उरतात ५६२५. भाव पडला तर तुला काही द्यायचं नाही आणि पाऊण क्विंटलचे येतात तेही ५६२५च. घातले ६०००, दोन्ही वेळा हातात उरले ५६२५; म्हणजे व्याज आणि गोदामभाडं बाजूला ठेवलं तर हक्काचे त्याला लागतात फरकाचे ३७५ रुपये. भाव चढायची शक्यता किती, हे या हिशेबात कुठेच आलं नाही! वहीवर स्वतः करून बघ. हेच क्षणाक्षणाला बदलणाऱ्या भावासाठी करायचं, तर १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी मांडलेल्या सूत्रापाशी पोचतेस, आणि वाटेत जपानी गणिती इतो यांचं कॅल्क्युलस, म्हणजे अनिश्चितपणे सतत बदलणाऱ्या गोष्टींचं गणित, लागतं.

मोठ्या बाबांना हे समजावून सांग. उद्याचा भाव सांगणं हे या विद्येचं काम नाही. जोखमीची किंमत काढायची आणि ती कशी झाकायची ते बघायचं. त्यांची भीती मात्र खोटी नाही. शोल्स आणि याच विषयात काम करणारे मर्टन यांना १९९७मध्ये नोबेल मिळालं, ते ज्या फंडात भागीदार होते तो पुढच्याच वर्षी बुडीत निघाला. उसन्या पैशावर फार मोठे डाव लावले होते. मी बँकेच्या जोखीम विभागात काम करते, आमचं रोजचं काम असे डाव वेळेत ओळखणं हेच.

आता पदवीचं. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कोर्सचा खर्च राहण्यासकट पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. नोकरी लगेच लागली नाही तर हप्ते बाबांनी कशातून भरायचे? आमच्याकडे मुलाखतीला मुलं येतात तेव्हा पदवीचं नाव आम्ही एकदा वाचतो, मग कोरा कागद पुढे करून संभाव्यतेचं गणित घालतो. तिथे पाया कच्चा असलेला लगेच कळतो. म्हणून तू संख्याशास्त्र किंवा गणितातच एम.एस्सी. कर, पण चांगल्या ठिकाणी. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट.ला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला, शिकवणी शुल्क नाही, वर विद्यावेतन मिळतं. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची, गणिताचा किंवा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर : तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. सोबत पायथन ही संगणकाची भाषा शीक. मॅथेमॅटिकल फायनान्सवर आयआयटी गुवाहाटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

आणि एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. हमीभाव हा एक पुट ऑप्शनच आहे, म्हणजे ठरलेल्या भावाने विकायचा हक्क : २०२५-२६साठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये. पण गाडी केंद्रावर लागली, ग्रेडरने ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं आणि आकडा १२ टक्क्यांच्या वर गेला, की तो हक्क तिथेच संपतो. मग खाजगी व्यापारी देईल तो भाव. ओलाव्याची अट, रांगेतले दिवस, चुकाऱ्याला लागणारा वेळ, हे सगळं धरून त्या हक्काची खरी किंमत किती? संत्र्याच्या हवामान आधारित विम्यातही पाऊस आणि तापमानाच्या आकड्यांवर भरपाई ठरते, तेही याच गणिताचं काम. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला यातला प्रश्न घे. हे गणित जाणणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या फार थोड्यांनी ग्रेडरसमोर गाडी उभी केली असेल.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीत असते, आणि मुलींना शुल्कात सवलत आहे. अर्जाच्या दिवसांत तुमच्याकडे कापूस वेचणीची तयारी सुरू झालेली असेल, म्हणून पुढच्या वर्षीच्या अर्जाची कागदपत्रं पोळ्याच्या आधीच तहसीलमधून काढून ठेव.