"मॅडम, तो गेम आमच्या घरातलं सगळं ऐकतो"

सातवीतल्या मुलाच्या आईने खुर्चीत बसता बसता हेच वाक्य उच्चारलं. मुलांचे मोबाइल गेम आणि घरातली खासगी माहिती यांबद्दल पालक ज्या काळज्या घेऊन येतात, त्यांत ही सर्वांत जास्त वेळा कानावर पडते. (ओळख पटू नये म्हणून या प्रसंगातले तपशील बदलले आहेत.)

तिच्याजवळ दोन पुरावे होते. लेक खेळत असताना फोनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका पेटलेला दिसायचा, हा पहिला. दुसरा असा, की कर्ज काढावं की नाही यावर नवरा-बायकोचं दोन-तीन रात्री बोलणं झालं आणि चौथ्या दिवशी मुलाच्या गेममध्ये पर्सनल लोनची जाहिरात झळकली. तिने तिथल्या तिथे गेम उडवला. मुलाने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप गेम परत डाउनलोड केला. लेव्हल तीच, जमवलेल्या स्किन (गेममधल्या पात्राचे पोशाख) तशाच. "म्हणजे मी काढून टाकला तरी त्यांच्याकडे सगळं आहेच की!" हे मात्र तिने अगदी बरोबर ओळखलं होतं.

पुढच्या वेळी फोन आणि मुलगा दोघांनाही आणायला सांगितलं. फोन मुलाच्याच हातात ठेवला. मोठ्यांनी फोन काढून घेऊन तपासायला सुरुवात केली की मूल आधी काय लपवायचं याचा विचार करतं. त्याला "दाखव बरं कसं चालतं" म्हटलं की तोच शिक्षक होतो. पहिली वीस मिनिटं त्याने नुसता गेम समजावून सांगितला, आणि आईने तो पहिल्यांदाच नीट पाहिला.

मग ठिपक्याकडे वळलो. अँड्रॉइड १२ पासून कोणतंही ॲप माइक किंवा कॅमेरा वापरत असलं की हा हिरवा ठिपका दिसतो. वरून पट्टी खाली ओढून त्यावर बोट ठेवलं की कोणतं ॲप आहे तेही कळतं. मागचा हिशेब हवा असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' शोधायचा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये तो वेगळ्या ठिकाणी असतो, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाकणं सोपं. मुलाने तो उघडला. मायक्रोफोनच्या यादीत गेमचं नाव होतं आणि समोर आदल्या रात्रीची वेळ, साधारण पाऊण तासाची. म्हणजे माइक चालू होता, यात शंका नाही. पण तो चोरून चालू नव्हता. मुलाने स्क्वॉडमधल्या, म्हणजे गेममधल्या आपल्या टीममधल्या, पोरांशी बोलायला व्हॉइस चॅट 'ओपन माइक'वर ठेवला होता. ओपन माइक म्हणजे बटण न दाबताही सतत आवाज पुढे जातो. मुलाचा आवाज जातो, तसा खोलीतला दुसरा प्रत्येक आवाजही.

इथे मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "एकदा एकाने विचारलं, तुझे बाबा ओरडतायत का? मग मी हेडफोन काढून ठेवला."

आईचा चेहरा पडला. तिला भीती होती ती कंपनीच्या कुठल्यातरी यंत्राने ऐकण्याची. घरातलं भांडण प्रत्यक्षात ऐकलं होतं तीन पोरांनी, त्यातला एक पूर्ण अनोळखी. त्या वेळी आईवडिलांच्या भांडणावर प्रवचन देणं योग्य नव्हतं. मुलाला एवढंच सांगितलं, की ते ऐकू गेलं यात तुझी चूक नाही आणि तू आईला सांगितलंस ते चांगलं केलंस. या गोष्टीची लाज त्याने एकट्याने बाळगली होती, आणि हे ओझं कमी करणं कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त गरजेचं होतं.

व्हॉइस चॅट हा किरकोळ मुद्दा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइट गेमच्या एपिक गेम्स या कंपनीविरुद्ध जी कारवाई केली, तिच्यात हाच एक ठपका होता: मुलांसाठीही आवाजी आणि लेखी चॅट आपोआप चालू ठेवलं, त्यामुळे मुलं अनोळखी माणसांच्या संपर्कात आली. त्याच प्रकरणात, पालकांच्या संमतीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल, मुलांच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली कंपनीला २७.५ कोटी डॉलर दंड मान्य करावा लागला. 'आधीपासून चालू' ही एक सेटिंग किती गंभीरपणे घेतली जाते, ते यावरून कळावं.

आता कर्जाची जाहिरात. तो फोन मुळात वडिलांचा जुना. त्यावर अजून वडिलांचंच गुगल अकाउंट होतं. वडिलांनी आपल्या नव्या फोनवर व्याजदर शोधले, दोन-तीन कर्जाच्या साइट उघडल्या. अकाउंट एकच, म्हणून जाहिरात दोन्हीकडे पोचली. त्यासाठी कोणी बोलणं ऐकायची गरजच नव्हती. शिवाय अँड्रॉइड ९ पासून पडद्यामागे निष्क्रिय पडलेल्या ॲपला माइक मिळत नाही, आणि नव्या फोनवर मिळाला तर ठिपका दिसतोच.

या एका अकाउंटमुळे आणखी एक घोटाळा झाला होता, आणि आमच्या मते तोच सगळ्यात मोठा. गुगलच्या लेखी खेळणारा माणूस चाळिशीतला पुरुष होता. वर गेमने जन्मवर्ष विचारलं तेव्हा मुलाने चाक फिरवून १९९५ निवडलं होतं. मुलांसाठी ज्या काही आडकाठ्या कायद्याने किंवा स्टोअरने घातल्या आहेत, त्या मूल आहे असं कळल्यावर लागू होतात. बारा वर्षांचा मुलगा तिशीचा म्हणून खेळला की एकही लागू होत नाही.

आईने विचारलं, "पण गेम नेमकं घेतो तरी काय?" हे सविस्तर सांगायला हवं, कारण भीती आणि वस्तुस्थिती यांत इथेच फरक पडतो. गेम उघडताक्षणी, काही न विचारता जातं ते असं: फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, भाषा, आयपी पत्ता आणि त्यावरून अंदाजे शहर, शिवाय जाहिरात आयडी. जाहिरात आयडी म्हणजे त्या फोनला दिलेला एक लांबलचक क्रमांक. वेगवेगळी ॲप्स या क्रमांकावरून ओळखतात की हा तोच फोन. मग खेळताना नोंद होते ती वागण्याची: किती वाजता उघडला, किती मिनिटं टिकला, कोणत्या लेव्हलला हरल्यावर बंद केला, कोणत्या विकतच्या पॅकवर बोट ठेवलं आणि मागे घेतलं. यात नाव नसतं, फोटो नसतो. तरी लागोपाठ तीन वेळा हरलेल्या मुलासमोर नेमकी त्याच घडीला स्वस्त पॅकची खिडकी उघडायची ती याच नोंदींच्या जोरावर. ही माहिती एकाच कंपनीकडे राहते असंही नाही. गेममध्ये जाहिरातींसाठी, मोजमापासाठी, बिघाड कळवण्यासाठी इतर कंपन्यांचे तयार तुकडे, म्हणजे एसडीके, बसवलेले असतात आणि ते आपापल्या घरी माहिती पाठवतात. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर 'डेटा सेफ्टी' हा भाग असतो, तो जरूर वाचावा. पण ती माहिती गेम बनवणाऱ्याने स्वतः भरलेली असते हे लक्षात ठेवूनच वाचावी.

याउलट संपर्कयादी, नेमकं ठिकाण, फोटो, माइक हे सगळं परवानगीशिवाय जात नाही. मुलाच्या गेमला संपर्क आणि ठिकाण दोन्ही दिलेलं होतं. "मित्र शोधायला" म्हणून एकदा विचारलं आणि त्याने हो म्हटलं. दोन्ही काढून घेतल्यावर गेम पूर्वीसारखाच चालला. हे त्याच्या डोळ्यांसमोर घडलं, त्यामुळे समजवावं लागलं नाही.

तेवढ्यात ॲप्सच्या यादीत एक अनोळखी नाव दिसलं. गेममध्ये 'फुकट डायमंड' देतो म्हणणारं ॲप, टेलिग्रामवरच्या लिंकवरून उतरवलेलं. त्याने ॲक्सेसिबिलिटी आणि एसएमएस या दोन्ही परवानग्या घेतल्या होत्या. इथे मात्र शांतपणे, पण लगेच पावलं उचलली. ॲक्सेसिबिलिटी असलेलं ॲप पडद्यावर दिसेल ते वाचू शकतं, आपल्या वतीने बटणं दाबू शकतं; त्यात एसएमएस मिळाले म्हणजे ओटीपीही हाती. आधी इंटरनेट बंद केलं. मग ॲक्सेसिबिलिटीचं बटण बंद केलं, कारण ते चालू असताना असं ॲप कधी कधी स्वतःला काढूच देत नाही. मग ॲप काढलं, गुगलच्या प्ले प्रोटेक्ट या तपासणीने फोन तपासला आणि ब्राउझर व टेलिग्रामला दिलेली 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' ही मुभा बंद केली. वडिलांनी आपल्या दुसऱ्या फोनवरून गुगलचा पासवर्ड बदलला आणि बँकेचे व्यवहार पाहिले. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिल्या तासातच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करायचा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात आणि अडवणं कठीण होतं.

आईला तेव्हा गेमचा राग यायचा थांबला आणि या ॲपची धडकी भरली. तेच व्हायला हवं होतं.

"मग हा गेमही आत्ताच काढून टाकू का?" तिने पुन्हा विचारलं. काढायचा असेल तरी क्रम महत्त्वाचा. फोनवरून ॲप उडवलं की फोनमधली जागा रिकामी होते, कंपनीच्या सर्व्हरवरचं अकाउंट तसंच राहतं. मुलाला जुनी लेव्हल परत मिळाली ती म्हणूनच. आधी गेमच्या सेटिंग्जमध्ये 'डिलीट अकाउंट' शोधायचं. अकाउंट उघडू देणाऱ्या ॲपने ही सोय ॲपच्या आत आणि वेबवरही द्यायची, असा प्ले स्टोअरचा नियम आहे. काही गेम लगेच पुसत नाहीत, ठरावीक दिवस थांबतात आणि मधे एकदा जरी लॉगिन केलं तरी विनंती रद्द होते. त्यामुळे 'बघू तरी' म्हणून उघडायचं नाही. त्यानंतर गुगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी' भागात जाऊन जोडलेल्या ॲप्समधून गेमचं नाव काढायचं, आणि अगदी शेवटी अनइन्स्टॉल.

या घराने गेम ठेवायचं ठरवलं. अटी मुलासमोर बसून झाल्या. व्हॉइस चॅट 'फक्त टीम'वर, आणि टीम शाळेतल्या ओळखीच्या तिघांचीच. ओपन माइक बंद, बटण दाबलं तरच आवाज. मुलगा आधी अडला. माइक बंद ठेवला की बाकीचे 'नूब', म्हणजे नवशिका, म्हणतात. ही त्याची अडचण खरी होती, म्हणून माइक पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरला नाही. फोनच्या परवानगीत माइक 'प्रत्येक वेळी विचारा'वर ठेवला. जाहिरात आयडी डिलीट केला. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ॲड्स' टाकलं की तो पर्याय सापडतो.

अकाउंटचं काम सगळ्यात किचकट निघालं. तेरा वर्षांखालच्या मुलाला गुगलच्या 'फॅमिली लिंक' या पालकांसाठीच्या सोयीतून स्वतःचं अकाउंट देता येतं आणि त्या अकाउंटला गुगल व्यक्तीवर बेतलेल्या जाहिराती दाखवत नाही. पण त्यासाठी वडिलांचं अकाउंट त्या फोनवरून काढावं लागतं, आणि गेमची सगळी कमाई त्याच लॉगिनला बांधलेली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. गेममध्ये दुसरं लॉगिन जोडायची सोय आहे का ते आधी पाहायचं, ते जोडून एकदा चालवून बघायचं आणि मगच जुनं अकाउंट काढायचं, असं ठरलं. उलट केलं असतं तर दोन वर्षांची कमाई गेली असती आणि पुढे त्याने कोणतीच सेटिंग दाखवली नसती. तोवर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला वडिलांचं बोट किंवा पासवर्ड लागेल एवढं करून ठेवलं.

जाताना आईने कायद्याचं विचारलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांच्या वागण्यावर पाळत नको, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती नकोत, असं त्यात आहे. मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. घरातल्या फोनने तोवर थांबायचं कारण नाही.

दोन आठवड्यांनी मायलेक परत आले. नवं लॉगिन जोडून झालं होतं, जुनं अकाउंट निघालं होतं. माइकच्या यादीत गेमचं नाव आता दोन-चार मिनिटांपुरतं दिसत होतं. एक काम मात्र राहिलं होतं. मुलाचं गेममधलं नाव म्हणजे त्याचं आडनाव, शाळेच्या नावाची आद्याक्षरं आणि खरं जन्मवर्ष. आमच्यापैकी कोणाच्याच ते पहिल्या दिवशी लक्षात आलं नव्हतं, त्यानेच दाखवलं. बदलायला रिनेम कार्ड लागतं आणि ते विकत घ्यायचं तर पैसे पडतात. "पुढच्या इव्हेंटला फुकट मिळेल बहुतेक," तो म्हणाला. आईने पाकीट काढलं आणि विचारलं, "कितीला आहे ते कार्ड?"