कॉम्प्युटरसाठी सायन्सच कशाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीला दहावीला ७६ टक्के. मराठीत ८८, इतिहास-भूगोलात ८४, गणितात ६३, विज्ञानात ६१. तिला तालुक्याच्या कॉलेजात कॉमर्सला जायचं आहे आणि सोबत आयटी विषय घ्यायचा आहे. वडिलांचं ठरलं आहे ते असं: अमरावतीला खोली करून द्यायची, सायन्स, त्यात कॉम्प्युटर सायन्स आणि बाहेर क्लास. मेहुण्याचा मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तशी तीही लागावी. क्लासची जागा पक्की करायला त्यांनी पीककर्जातून चाळीस हजार भरूनही टाकले. मला विचारलं आहे ते एवढंच, की कॉम्प्युटर सायन्ससाठी अमरावतीत कोणतं कॉलेज चांगलं.

भाऊ, कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडून बसले आहे. तुम्ही लिहिलंत, "आधी कॉमर्स कॉमर्स करत होती, आता काही बोलत नाही, म्हणजे तिला पटलं असावं."

तिला पटलेलं नाही. खरिपाच्या तोंडावर, बियाणं-खताचे पैसे क्लासला गेलेले तिनं पाहिले. त्या दिवसापासून ती गप्प झाली. आता नाही म्हणायचं म्हणजे बापाचे चाळीस हजार बुडवायचे, हे ओझं तुम्ही पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवलंत. तुमचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. आपल्या लेकीनं उन्हातान्हात कापूस वेचू नये, हे कोणत्या बापाला वाटत नाही? पण अशा गप्प बसून सायन्सला गेलेल्या मुली माझ्याकडे बारावीनंतर येतात. फिजिक्समध्ये कसंबसं पास, सीईटीत काही नाही, आणि स्वतःवरचा विश्वास पार गेलेला. निकालापेक्षा हे शेवटचं सावरायला फार वेळ लागतो. त्यात घरचे म्हणतात, "एवढा पैसा लावला तरी..." हे वाक्य तुमच्या घरात बोललं जाऊ नये, म्हणून आज जरा कडक लिहिते आहे.

आधी क्लासवाल्यांना फोन करा. वर्ग सुरू व्हायच्या आत पैसे परत मागा. पूर्ण नाही मिळाले तर मिळतील तेवढे घ्या. गेलेल्या पैशापायी तिची दोन वर्षं घालवू नका. पीककर्ज पिकासाठी असतं. ते क्लासला लावून पेरणीला सावकाराकडून उचलायचं, याचा शेवट आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

आता तुमच्या मनातला मोठा गैरसमज. कॉम्प्युटर म्हणजे सायन्स, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. आपल्या राज्य मंडळात आयटी हा विषय आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिन्ही शाखांना घेता येतो, बहुतेक मुलं तो दुसऱ्या भाषेऐवजी घेतात. बारावीच्या आयटीत वेबसाइट बनवणं, त्यासाठी लागणारी जावास्क्रिप्ट, ई-कॉमर्स असं शिकवतात, आणि लेखी पेपरसुद्धा कॉम्प्युटरवरच द्यावा लागतो. तुम्ही म्हणता तो सायन्सचा कॉम्प्युटर सायन्स वेगळा. तो २०० गुणांचा बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख विषय, त्यासाठी दुसरी भाषा आणि बहुतेक वेळा बायोलॉजी सोडावी लागते. आणि गंमत अशी, की इंजिनिअरिंगला त्याची गरजच नसते. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सची सीईटी चालते. अकरावी-बारावीला कॉम्प्युटरचा एक धडा न शिकलेली मुलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जातात. तुमच्या मेहुण्याच्या मुलाला विचारा, त्याला बारावीला कोणते विषय होते.

कॉमर्सहून कॉम्प्युटरकडे जायचा रस्ता सरळ आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी करता येते. २०२४ पासून त्याला राज्याची सीईटी आहे, तेवढी द्यायची. पुढे एमसीए, म्हणजे त्यातलंच पदव्युत्तर शिक्षण. नागपूर विद्यापीठात बीसीसीए आहे, म्हणजे कॉमर्स आणि कॉम्प्युटर दोन्ही. हिशेबात गोडी लागली तर सीए फाउंडेशनही बारावीनंतरच. यात माझी एकच अट राहील. कॉमर्सला गणित किंवा एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) यातलं एक निवडायला सांगतात आणि मुली सोपं म्हणून एसपी घेतात. तिनं गणित घ्यावं. बीकॉम करून मग एमसीएला जावंसं वाटलं, तर बारावीचं गणित कामी येतं. ६३ गुणांवर हे गणित नक्की झेपतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की ती आईच्या बचत गटाचं रजिस्टर लिहिते, आणि मागे पासबुक आणि रजिस्टरात चारशे रुपयांचा फरक येत होता तो तिनंच शोधला. एका बाईचा हप्ता रजिस्टरात चढला होता, बँकेत भरायचा राहून गेला होता. भाऊ, अकरावीच्या बुककीपिंगमध्ये बँक जुळवणी पत्रक नावाचा आख्खा धडा आहे. त्यात हेच करायचं असतं. वही आणि पासबुक जुळत का नाही, नोंद कुठे राहिली, हे शोधायचं. शहरातल्या मुलांना तो धडा जड जातो. तुमच्या लेकीनं तो न शिकता, दहा बायांच्या खऱ्या पैशावर सोडवला. फरकाची एकेक नोंद मागे जात शोधणं हीच सवय पुढे प्रोग्रॅममधली चूक काढायला लागते. ६१ गुणांच्या विज्ञानात तुम्ही तिचं भविष्य शोधताय आणि हे पत्राच्या शेवटच्या ओळीत टाकलंत.

खर्चाचंही बघा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो. पुढे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली, तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. ही सवलत २०२४-२५ पासून आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

तालुक्याच्या कॉलेजचीही एकदा नीट चौकशी करा. आयटी विषय माहितीपत्रकावर असतो आणि लॅबला कुलूप असतं, असं खेड्यापाड्यात होतं. तिला सोबत न्या. लॅब उघडून दाखवायला सांगा, किती कॉम्प्युटर सुरू होतात ते बघा, वीज गेल्यावर काय करतात विचारा. आयटीची फी बऱ्याच ठिकाणी वेगळी घेतात, तीही विचारा. मास्तर तासिका तत्त्वावरचे असले तरी चालेल, पण गेल्या वर्षी कोण होतं आणि बारावीच्या किती मुलांनी आयटीचा पेपर दिला, एवढं कळलं पाहिजे. तिथं काही दम नसला तर यवतमाळचा पर्याय बघा. तो रोजच्या जाण्यायेण्यातला आहे, अमरावतीसारखी खोली करावी लागणार नाही.

हे सगळं मी तुमच्या पत्रावरून सांगितलं. तिचं म्हणणं मी ऐकलेलंच नाही. तिला कदाचित आयटी मैत्रिणीमुळे हवं असेल, कदाचित तिच्या डोक्यात तिसरंच काही असेल. आधी तिला सांगा की क्लासचे पैसे हा तुमचा आणि क्लासवाल्यांचा प्रश्न आहे, तिचा नाही. मग विचारा, आणि उत्तर यायला दोन दिवस लागले तरी मध्ये बोलू नका. अकरावीचा प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे, दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरता येते. तो अर्ज भरायला सेतू केंद्रात तुम्ही एकटे जाऊ नका, तिला न्या, आणि पहिली पसंती तिला स्वतः टाकू द्या. त्यानंतर तिनं मला वेगळं पत्र लिहिलं तर मी तिच्याशी सविस्तर बोलेन.