मोटारहोम बोटीवर चढवताय? आधी मोजायची टेप काढा

पहिल्यांदाच मोटारहोम (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन इंग्लंडमधल्या डोव्हरहून फ्रान्समधल्या कॅलेला बोटीने निघालाय, मस्त! तिकिटाचा आकडा बघून दचकू नका, तो बराचसा आपल्याच हातात असतो.

सगळ्यात आधी गाडी मोजा. भाडं लांबी-उंचीवर ठरतं. लांबी म्हणजे मागच्या सायकल रॅकसकट आणि उंची म्हणजे टपावरच्या पेटीसकट. मी पहिल्या खेपेला माहितीपत्रकातला 5.99 मीटरचा आकडा ठोकून दिला होता. रॅक धरून गाडी साडेसहाच्या वर निघाली. बंदरावर फरक भरला, मागच्या रांगेचे हॉर्न ऐकले ते वेगळेच. म्हणून सायकली लावून, स्वतः टेप धरून मोजा.

बाकी दोनच गोष्टी:

- शाळांच्या सुट्ट्या आणि शनिवार टाळा. मंगळवार-बुधवारची पहाटेची किंवा रात्रीची बोट बहुधा स्वस्त पडते.
- सर्वांत स्वस्त तिकीट नंतर बदलता येतं का, ते वाचूनच पैसे भरा. ट्रॅफिकमध्ये बोट चुकते हो!

इंग्लंडमधलं पोर्ट्समथ ते स्पेनमधल्या सांतांदेरसारखा लांबचा पल्ला सध्या नको, तिथे रात्र बोटीवर जाते आणि केबिनचा खर्च वाढतो. डोव्हर-कॅले दीड तासाचं काम. चढण्याआधी गॅस सिलिंडर बंद करा, फ्रिजसुद्धा.