शॅमेलिअनचे पाय वाकडे दिसतायत? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न: माझा व्हेल्ड जातीचा शॅमेलिअन (रंग बदलणारा सरडा) पाच महिन्यांचा आहे, पुढच्या पायांना कोपर आणि मनगटाच्या मधे बाक आलाय, लांबून बघितलं तर दोन कोपरं असल्यासारखं वाटतं. ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात ही जातच अशी असते. खातोय मात्र मस्त. काळजी करू का?

हो, करा, आणि आजच रेप्टाइल्स बघणाऱ्या व्हेटची अपॉइंटमेंट घ्या. अशी कुठलीच जात नसते. निरोगी शॅमेलिअनचा कोपर ते मनगट हा भाग सरळ असतो. तिथे बाक आला म्हणजे हाड मऊ पडलंय आणि अंगाच्या वजनाने वाकतंय, याला एमबीडी म्हणतात, मेटाबॉलिक बोन डिसीज. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून काढून घेतं, कारण स्नायू आणि हृदय चालू ठेवायला ते लागतंच. वाढीच्या वयातल्या पिल्लांमधे हे खूप भराभर होतं, काही आठवड्यांत चित्र बदलतं.

खातोय म्हणून निर्धास्त राहू नका, भूक बरेचदा शेवटपर्यंत टिकते. त्यापेक्षा चाल बघा. फांदीवर चालताना पोट वर उचललेलं आहे की फांदीला घासतंय? पुढचं पाऊल टाकताना फांदी सोडून स्वतःचाच दुसरा पाय पकडतो का? हे दिसलं तर समजा की पकड गेलीये, आणि असं पकडतानाच पाय मोडतोही. बोटं थरथरणं, जीभ नीट न फेकली जाणं, जबडा मऊ लागणं किंवा तोंड पूर्ण न मिटणं, डोक्यावरचा तुरा एका बाजूला कलणं ही पुढची लक्षणं. जबडा मऊ आहे का हे स्वतः दाबून बघू नका प्लीज, ते व्हेटला करू दे. थरथर किंवा झटके असतील तर उद्यावर ढकलायचं नाही, ती इमर्जन्सी आहे.

प्रश्न: मी रोज किड्यांना कॅल्शियम पावडर लावून देते, पिंजरा खिडकीत आहे, भरपूर ऊन येतं. तरी व्हेटनी एमबीडी सांगितलं. असं कसं?

काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) जवळपास नसतोच, काच तो अडवते. आणि यूव्हीबीशिवाय त्वचेत व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, डी३ नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणजे तुम्ही इतकं मनापासून देताय आणि ते तसंच बाहेर जातंय. पिंजऱ्याच्या वर यूव्हीबीची लांब टी५ (बारीक व्यासाची) ट्यूब लावा, गोल छोटे बल्ब फार थोडी जागा कव्हर करतात. व्हेल्ड आणि पँथर या जातींच्या शॅमेलिअनसाठी बसायच्या फांदीवर यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचं माप) साधारण ३ हवा. मीटर मिळाला तर त्याने मोजा, नाहीतर ट्यूबवाल्या कंपनीने दिलेलं अंतर पाळा, आणि वरची जाळीसुद्धा बराच यूव्हीबी खाते हे धरून चाला. ट्यूब दिसायला लख्ख पेटते पण यूव्हीबी हळूहळू कमी होत जातो, त्यामुळे टी५ असेल तर वर्षाने बदलायचीच.

दुसरी गोष्ट किड्यांची. क्रिकेटमधे, म्हणजे खायला देतो त्या रातकिड्यांमधे, फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि आपल्याला हवं असतं उलटं, दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. म्हणून नुसती पावडर लावून भागत नाही, आधी किड्यांनाच हिरवा पाला घालून पोसायचं (पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं). आणि घाबरून डी३वाली पावडर रोज सुरू करू नका!! डी३ जास्त झालं तर किडनी आणि रक्तवाहिन्यांमधे कॅल्शियम साचतं. रोजची पावडर साधी, डी३ नसलेली, आणि डी३वाली किती दिवसांनी ते व्हेट सांगतील तसं.

मादी असेल तर अजून जपा. नर शेजारी नसला तरी ती अंडी धरते आणि कवचासाठी कॅल्शियम हाडातूनच जातं.

प्रश्न: चार वर्षांच्या नराचा मागचा एक गुडघा सुजलाय, हाड वाकडं नाहीये. हे पण एमबीडीच का?

सांधा सुजलाय आणि हाड सरळ आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी गाउट येतो, म्हणजे सांध्यात युरिक अ‍ॅसिड साचणं. पाणी कमी पडणं आणि किडनी थकणं ही नेहमीची कारणं. विष्ठेतला पांढरा भाग बघा, तो नारिंगी येत असेल तर पाणी कमी पडतंय. पण इन्फेक्शनचा पू किंवा जुनं फ्रॅक्चरही बाहेरून अगदी असंच दिसतं, त्यामुळे एक्सरे आणि रक्ततपासणीशिवाय कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, फोटो बघून मीही नाही. माणसांची पेनकिलर देऊ नका आणि सूज घरी फोडू नका.

प्रश्न: एका बोटाचं टोक काळं पडलंय.

कात अडकून बोटाभोवती रिंग झाली असेल, त्याने रक्तपुरवठा तुटतो. ओढून काढायची नाही, व्हेटकडे न्या. नुसतं नख तुटलं असेल तर जागा स्वच्छ ठेवा आणि सूज येतेय का बघा.

प्रश्न: वाकलेली हाडं परत सरळ होतात का? तोपर्यंत घरी काय करू?

वाकलेलं हाड बहुतेक तसंच राहतं, पण ते पुन्हा टणक होतं आणि असे बरेच शॅमेलिअन पुढे छान जगतात. तोपर्यंत फांद्या खाली आणा, जवळजवळ आणि आडव्या लावा, तळाशी मऊ काहीतरी पसरा म्हणजे पडला तरी लागणार नाही. खाणं छोट्या कपमधे घालून द्या. आणि फांदीवरून ओढून काढू नका, तो घट्ट धरून बसतो आणि मऊ हाड तिथेच मोडतं. हात पुढे धरा, त्याला वेळ लागला तरी चालेल, त्याचा तो चढू दे. दवाखान्यात नेताना तर पूर्ण फांदीच काढून त्याच्यासकट डब्यात ठेवलीत तर सगळ्यात बरं.